इंजिनिअरिंगला जावं का? फॉर्म भरण्याआधी स्वतःच घ्यायची परीक्षा

बहुतेक मुलं इंजिनिअरिंगला जायचं की नाही हे इंजिनिअरिंगचं एकही काम करून न बघता ठरवतात. मार्क बघतात, कटऑफ बघतात, कोणाला किती पॅकेज मिळालं ते ऐकतात आणि फॉर्म भरून मोकळी होतात. नकाराचंही तेच. 'मला गणित नको' म्हणून बाजूला झालेल्या कित्येकांना खरं तर घोकंपट्टीचा कंटाळा आलेला असतो. गणिताशी त्यांची नीट ओळखच झालेली नसते.

हा लेख शाळा संपत आलेल्या, पण अजून नक्की न ठरलेल्या मुलामुलींसाठी आहे. रोज तासभर दिलात तर दोन-तीन आठवड्यांत सगळं करून होईल. क्रम थोडा मागेपुढे झाला तरी चालेल, पण चौथी पायरी गाळू नका. बाकीच्या पायऱ्यांवर तुमची मतं तयार होतील, चौथीवर तुम्ही स्वतः कसे आहात ते कळेल.

पायरी १: कारणं लिहा आणि एकेक तपासा

इंजिनिअरिंगला का जावंसं वाटतं त्याची सगळी कारणं कागदावर लिहा. कोणाला दाखवायची नाहीत, त्यामुळे खोटं लिहायचं कारण नाही. मग प्रत्येक कारणाला एकच प्रश्न विचारा: दुसऱ्या वर्षात एखादं गणित तीन तास सुटत नसताना हे कारण मला खुर्चीत बसवून ठेवेल का?

'मित्र जातोय' आणि 'मार्क चांगले आहेत, वाया का घालवायचे' ही कारणं लगेच खोडा. पगार हे प्रामाणिक कारण आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त तो पदवीनंतर मिळतो आणि मधली वर्षं कशाच्या जोरावर काढायची हा प्रश्न उरतोच. 'मला गाड्या आवडतात' हे अर्धं कारण. गाडी आवडणं वेगळं आणि तिच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगची जाडी हिशोबाने ठरवणं वेगळं.

'लहानपणापासून वस्तू उघडून बघतो' हे कारण तर जवळपास प्रत्येकाच्या यादीत असतं. उघडून बघितलंत, छान. पुढे काय केलंत? ती का बंद पडली ते सापडलं का? परत जोडली का? जोडल्यावर एक स्क्रू उरला तेव्हा तो कुठला हे शोधत बसलात, की खिशात टाकलात?

पायरी २: अभ्यासक्रम उघडा, पण दुसऱ्या वर्षाचा

कुठल्याही विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रम मिळतो. मुलं पहिल्या वर्षाची पानं चाळतात आणि फसतात. पहिल्या वर्षी साधारणपणे गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, ड्रॉइंग, थोडं प्रोग्रॅमिंग आणि वर्कशॉप असतं. म्हणजे शाळाच, फक्त दुप्पट वेगाने. यात उत्तम मार्क पडले म्हणून पुढचं आवडेलच असं नाही. उलट पहिल्या वर्षी हिरमुसलेली कितीतरी मुलं खरे विषय सुरू झाल्यावर खुलतात.

शाखेचा चेहरा दिसतो तो दुसऱ्या वर्षात. मेकॅनिकलला थर्मोडायनॅमिक्स, फ्लुइड मेकॅनिक्स, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स. इलेक्ट्रिकलला सर्किट, सिग्नल्स अँड सिस्टिम्स, इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स. कॉम्प्युटरला डेटा स्ट्रक्चर्स, डिस्क्रीट मॅथ्स, ऑपरेटिंग सिस्टिम. यातला एक विषय निवडा आणि त्याची पहिली तीन व्याख्यानं बघा. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने २००१ मध्ये आपलं अभ्याससाहित्य सगळ्यांसाठी मोफत खुलं करायचं जाहीर केलं. आज असं साहित्य इतकं आहे की 'बघायला मिळालं नाही' ही सबब चालणार नाही.

व्याख्यान डोक्यावरून जाईल. ते अपेक्षितच आहे, तुम्ही मधूनच शिरला आहात. बघायचं ते एवढंच की, व्हिडिओ थांबवून 'हे असं का?' म्हणत तुम्ही दहा सेकंद मागे गेलात का? अवघड वाटणं आणि कंटाळा येणं यांत गल्लत करू नका. अवघड गोष्ट सरावाने सोपी होते. कंटाळ्याचा मला तरी भरवसा वाटत नाही.

पायरी ३: गणित, पण कोणतं?

कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स, मॅट्रिक्स आणि प्रोबॅबिलिटी यांपासून इंजिनिअरिंगमध्ये सुटका नाही. पण इथलं गणित वापरायचं असतं आणि वापरणाऱ्याला अंदाज चालतात. ज्याला सिद्धतेचं सौंदर्य भावतं, 'साधारण इतकं' म्हटलं की ज्याच्या कपाळाला आठ्या पडतात, त्याने गणित हाच विषय घ्यावा. तिथे तो जास्त सुखी होईल.

स्वतःला तपासायचं असेल तर एक प्रश्न घ्या: गच्चीवरची पाण्याची टाकी एका नळातून किती वेळात रिकामी होईल? कोणी आकडे दिलेले नाहीत. टाकीचं माप तुम्हीच अंदाजाने धरायचं. नळाखाली एक लिटरची बाटली किती सेकंदांत भरते ते मोजायचं. टाकीतली पातळी उतरली की दाब कमी होतो आणि धारही मंदावते, त्याचं काय करायचं तेही तुम्हीच ठरवायचं. 'माहिती अपुरी आहे' म्हणून पेन खाली ठेवलंत, की चार गोष्टी गृहीत धरून 'दोन ते तीन तासांच्या मध्ये' असं काहीतरी उत्तर काढलंत? इंजिनिअरच्या टेबलावर येणारे बहुतेक प्रश्न या टाकीसारखेच अर्धवट असतात.

आणि एककं. उत्तरापुढे लिटर, सेकंद, न्यूटन लिहायचा आळस असेल तर तो आत्ताच सोडा. १९९९ मध्ये मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी पोचून नष्ट झालं. एका संगणक प्रणालीने यानाच्या इंजिनांनी दिलेल्या धक्क्याचे आकडे पाउंड-सेकंदांत दिले आणि ते घेणाऱ्याने न्यूटन-सेकंद समजून वापरले. सुमारे साडेचार पटींचा फरक, आणि यान गेलं.

शाळेत निरुपयोगी वाटलेली गोष्ट इथे कधी कामी येईल सांगता येत नाही. उणे एकाचं वर्गमूळ म्हणजे नुसता छळ, असं अनेकांचं मत असतं. १८९३ मध्ये चार्ल्स स्टाइनमेट्झ या इलेक्ट्रिकल इंजिनिअरने एसी विजेचे हिशोब याच काल्पनिक संख्या वापरून मांडले आणि किचकट समीकरणांची जागा साध्या बेरीज-गुणाकाराने घेतली. आजही इलेक्ट्रिकलची मुलं तीच रीत शिकतात.

पायरी ४: पट्टी वाकवून बघा

साहित्य: ३० सेंटिमीटरची प्लॅस्टिकची पट्टी, ती टेबलावर दाबून धरायला चार जाड पुस्तकं, मोजायला दुसरी पट्टी, दोरा आणि थोडं पाणी भरलेली लहान बाटली.

पट्टी टेबलाच्या काठापासून १० सेंटिमीटर बाहेर काढा, आतल्या भागावर पुस्तकं ठेवा. टोकाची जमिनीपासूनची उंची मोजा. टोकाला बाटली लटकवा आणि परत मोजा. समजा टोक ३ मिलिमीटर खाली आलं. बाटलीतलं पाणी असं ठेवा की एवढाच बाक येईल. आता तीच बाटली, तेवढंच पाणी, पण पट्टी २० सेंटिमीटर बाहेर. बाटली लटकवण्याआधी कागदावर लिहा: आता टोक किती खाली येईल?

बरेच जण ६ मिलिमीटर लिहितात. लांबी दुप्पट, म्हणजे बाक दुप्पट. सिद्धांत म्हणतो, अशा पट्टीचा बाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. दोनाचा घन आठ, म्हणजे २४ मिलिमीटर. बाटली सोडताच पट्टी भसकन खाली जाते तेव्हा हा आठाचा आकडा डोळ्यांना दिसतो.

तुमचं उत्तर मात्र नेमकं आठ पट येणार नाही. साडेसहा येईल, साडेनऊ येईल. परीक्षा इथून पुढे सुरू होते.

कुठे चुकलं? पहिलं मोजमाप बघा. ३ मिलिमीटर मोजताना अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होणं अगदी सहज शक्य आहे. खरा बाक २४ धरला आणि पहिला आकडा ३ ऐवजी २.५ वाचला गेला, तर गुणोत्तर ९.६ येतं. ३.५ वाचला तर ६.९. म्हणजे गडबड मोठ्या बाकात नसून लहान बाक मोजण्यात असू शकते. मग पुस्तकांकडे बघा. बाटली लटकली की पट्टीचा आतला भाग किंचित उचलला जातो का? तसं असेल तर पट्टी घट्ट धरलेलीच नाही आणि सिद्धांतातली अट तिथेच मोडली. दोरा दोन्ही वेळा अगदी टोकाशीच होता का? बाटली दहा मिनिटं तशीच लटकू द्या आणि परत मोजा. प्लॅस्टिक भाराखाली हळूहळू वाकत राहतं, त्यामुळे कधी मोजलं यावरही आकडा अवलंबून असतो.

अजून पुढे जायचं असेल तर एकावर एक दोन पट्ट्या नुसत्या ठेवा. बाक साधारण निम्मा होईल. त्याच दोन पट्ट्या पूर्ण लांबीभर पक्क्या चिकटवल्या तर हिशोबाने बाक आठवा हिस्सा व्हायला हवा, कारण आता जाडी दुप्पट झालेली एकच पट्टी आहे. दुहेरी चिकटपट्टीने चिकटवलीत तर उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी अडकेल. का अडकतं, याचा विचार करा. शेवटी एकच पट्टी कडेवर उभी धरून वाकवायचा प्रयत्न करा. ती दाद देत नाही. इमारतीतल्या तुळया रुंदीपेक्षा उंचीला जास्त का असतात, ते हाताला कळतं.

आता स्वतःकडे बघा. 'आठ आलं नाही, प्रयोग फसला' म्हणून पट्टी ठेवून दिलीत? वहीत गुपचूप आठ लिहिलंत? की जेवायला हाका येत असतानाही आणखी एकदा मोजायचा मोह झाला? शेवटचं घडलं असेल तर मार्कांची फारशी चिंता करू नका. मधलं घडलं असेल तर नीट विचार करा, कारण पुढे प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आकडे बसवायची सवय लागते आणि तीच सवय घेऊन माणूस नोकरीला लागतो.

कॉम्प्युटरकडे कल असेल तर पट्टीच्या जोडीला हेही करा. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करून बघा. उत्तर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येतं. हसून सोडून देऊ नका, कारण शोधा. दशांश पद्धतीत एक तृतीयांश जसा कधी संपत नाही, तसा संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत ०.१ संपत नाही, म्हणून तो कुठेतरी छाटावा लागतो. १९९१ च्या आखाती युद्धात पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेचं घड्याळ याच कारणाने, सुमारे १०० तास सलग चालल्यावर, साधारण एक तृतीयांश सेकंदाने चुकलं. समोरून येणारं क्षेपणास्त्र अडवलं गेलं नाही आणि २८ सैनिक मृत्युमुखी पडले. त्यानंतर स्वतः एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घ्या, कुठलाही. चूक सापडत नाही म्हणून किती वेळ अडकलात ते नोंदवत जा. प्रोग्रॅमिंगमधला बराचसा वेळ असाच जातो, आणि तो वेळ ज्याला खायला उठतो त्याला हे काम जड जाईल.

पायरी ५: एक अपघात समजून घ्या

१७ जुलै १९८१. अमेरिकेतलं कॅन्सस सिटी शहर, हयात रीजन्सी हॉटेल. लॉबीवर एकाखाली एक असे दोन पादचारी पूल छताला टांगलेले होते. मूळ आराखड्यात एकच लांब गज छतापासून वरच्या पुलातून आरपार खालच्या पुलापर्यंत जाणार होता. तो बसवणं अवघड, म्हणून बांधकामाच्या वेळी बदल झाला: छतापासून वरच्या पुलापर्यंत एक गज आणि वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत दुसरा. कागदावर बदल किरकोळ दिसतो. दोन्ही पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली.

वाचून पुढे जाऊ नका, चित्र काढा. लांब गज असताना वरच्या पुलाखालच्या नटवर फक्त वरच्या पुलाचा भार होता. दोन गज केल्यावर खालचा पूल वरच्या पुलाला लटकला, म्हणजे त्याच नटवर दोन्ही पुलांचा भार आला. दोरीला लोंबकळणाऱ्या दोघांपैकी खालच्याने दोरी सोडून वरच्याचे पाय धरले तर वरच्याच्या हातांचं काय होईल, तेच इथे झालं. भर म्हणजे मूळ जोडसुद्धा नियमांत बसण्याइतका मजबूत नव्हता. संबंधित इंजिनिअरांचे परवाने नंतर रद्द झाले.

हे वाचून कोणाला वाटेल, 'एवढी जबाबदारी नको रे बाबा.' तसं वाटणं कमीपणाचं नाही, ते वेळेत कळलं हे चांगलंच. कोणाला वाटेल, 'मी तो ड्रॉइंगमधला बदल पकडला असता का?' आणि तो तासभर त्या चित्राकडे बघत बसेल.

पायरी ६: इंजिनिअरला भेटा, पण सल्ला मागू नका

सल्ला मागितला की भाषण मिळतं. त्याऐवजी विचारा, 'काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केलंत?' ईमेल, मीटिंग, एक्सेल, सप्लायरला चौथा फोन, ड्रॉइंगची सातवी आवृत्ती, टेस्ट रिपोर्ट आणि मध्ये कुठेतरी दीड तास खरा हिशोब, असं काहीतरी ऐकायला मिळेल. तो दीड तास सांगताना समोरच्याचा आवाज बदलतो का, तेवढं ऐका.

दोन-तीन वर्षांचा अनुभव असलेला एक, पंधरा-वीस वर्षांचा एक आणि इंजिनिअरिंग सोडून दुसरीकडे गेलेला एक, असे तिघे तरी गाठा. सोडून गेलेला माणूस सगळ्यात कामाचं सांगतो. आणि मुलींना कोणी 'साइटवर, शॉप फ्लोअरवर तुला झेपणार नाही' असं सांगितलं, तर ते काम रोज करणाऱ्या एखाद्या बाईंना गाठून त्यांनाच विचारा.

पायरी ७: शेजारच्या वाटा

इंजिनिअरिंग आवडतं असं वाटणाऱ्या काहींना खरं तर शेजारचं काहीतरी हवं असतं. असं का घडतं याचीच ओढ असेल आणि ते वापरात आणण्यात रस नसेल, तर भौतिकशास्त्र. वस्तू हातात कशी बसते, कशी दिसते यात जीव रमत असेल तर प्रॉडक्ट डिझाइन. जागा आणि प्रकाश यांचा विचार मनात येत असेल तर आर्किटेक्चर. हिशोबापेक्षा हाताने जोडणं, दुरुस्त करणं, मशीन चालवणं आवडत असेल तर डिप्लोमा किंवा तांत्रिक प्रशिक्षण. या शेवटच्या वाटेकडे नाक मुरडणाऱ्यांनी एखाद्या चांगल्या सीएनसी (संगणकाने चालणारं मशीन) ऑपरेटरचं काम जवळून बघितलेलं नसतं.

पायरी ८: शाखा

शाखेच्या नावावर जाऊ नका. केमिकल इंजिनिअरिंग म्हणजे रसायनशास्त्र, हा सगळ्यात मोठा गैरसमज. प्रयोगशाळेतल्या चंबूत जी प्रक्रिया गुण्यागोविंदाने होते तीच टाकीत करायला जा. टाकी चंबूच्या दहा पट लांब-रुंद-उंच असेल तर आतला माल हजार पट होतो, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग फक्त शंभर पट. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरला दहा पट उष्णता बाहेर काढायची. ती निघाली नाही तर तापमान चढत जातं, प्रक्रिया आणखी वेग घेते आणि प्रकरण हाताबाहेर जातं. केमिकलचा विद्यार्थी बराचसा वेळ या उष्णतेच्या, प्रवाहाच्या, मिसळण्याच्या हिशोबात घालवतो.

बाकीच्यांचं थोडक्यात. सिव्हिलमध्ये मानक संहिता (बांधकामाचे ठरलेले नियम) आणि साइट दोन्ही सांभाळावी लागतात. इलेक्ट्रिकलमध्ये जे डोळ्यांना दिसत नाही त्याचं गणित मांडावं लागतं, त्यामुळे ज्यांना वस्तू डोळ्यांसमोर लागते त्यांना ते जड जातं. एरोस्पेस हे बरंचसं मेकॅनिकलच आहे, हवेचा प्रवाह आणि वजनाची काटकसर यांवर भर असलेलं. इंडस्ट्रियलमध्ये स्टॅटिस्टिक्स भरपूर. बायोमेडिकल पसरट आहे, पुढे मास्टर्स करायची तयारी असेल तर चांगलं. कॉम्प्युटरला गर्दी जास्त. आवड असेल तर गर्दीला घाबरू नका, नसेल तर गर्दीमागे जाऊ नका.

पायरी ९: घरच्यांशी बोलणं

'मला आवडत नाही' एवढंच म्हणालात तर वाद होणारच. पहिल्या पायरीचा कागद सोडून बाकी सगळं समोर ठेवा: पट्टीचे आकडे, तिघा इंजिनिअरांशी झालेलं बोलणं, कुठल्या व्याख्यानात झोप आली आणि कुठल्यात नाही. आईबाबांना बहुतेक वेळा भीती असते ती मुलगा किंवा मुलगी विचार न करता ठरवते आहे याची. जायचं ठरवलं असेल तरी हे दाखवा. 'आम्ही म्हटलं म्हणून गेला' असं पुढे कोणाला म्हणता येणार नाही.

पायरी १०: कॉलेज निवडताना हे आधी विचारून घ्या

पदवीला मान्यता आहे का, हा पहिला प्रश्न. १९८९ मध्ये सहा देशांच्या संस्थांनी वॉशिंग्टन अकॉर्ड नावाचा करार केला. त्यात सामील असलेल्या संस्था एकमेकांनी मान्य केलेल्या इंजिनिअरिंग पदव्यांना समकक्ष मानतात. नंतर इतर अनेक देश त्यात आले. ही मान्यता कॉलेजच्या नावाला नसते, त्या-त्या शाखेच्या पदवीला असते. त्यामुळे एकाच कॉलेजातल्या एका शाखेला ती असू शकते आणि दुसरीला नसू शकते.

अजूनही मन पन्नास-पन्नास असेल तर जिथे पहिलं वर्ष सगळ्या शाखांना समान आहे आणि शाखा नंतर निवडता येते, असं कॉलेज आधी बघा. शाखा बदलायची सोय असेल तर ती किती मार्कांवर, किती जागांसाठी आणि कोणत्या सेमिस्टरपर्यंत, हे लेखी विचारा. 'होतं हो, बघू' हे उत्तर धरू नका. वर्षभराने बाहेर पडून विज्ञान शाखेत गेलात तर झालेल्या विषयांचे क्रेडिट धरले जातात का, हेही विचारा. आणि जमलं तर प्रवेशाआधी एकदा परीक्षा नसलेल्या दिवशी संध्याकाळी कॉलेजात चक्कर मारा. वर्कशॉप आणि लॅब सहानंतर उघड्या असतात का, आत मुलं असतात का, आणि ती सबमिशन उरकत बसलेली असतात की स्वतःचं काहीतरी करत असतात, ते बघून या.